चांगुणामावशीच्या अकरा चिंचा

सरकारी रोपवाटिकेत दर मे महिन्यात रोपांची प्रतवारी व्हायची. सरळ, कमरेएवढं वाढलेलं रोप एका बाजूला. बुटकं, वाकडं, शेंडा मोडलेलं दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूची रोपं गाडीत भरून गायरानावर आणि रस्त्याच्या कडेला लावायला जायची. दुसऱ्या बाजूच्या पिशव्या फाडायच्या, माती परत घ्यायची आणि रोपं बांधावर फेकून द्यायची. चांगुणा अवसरमोल या कामावर एकवीस वर्षं रोजंदारीनं होती. शेवटची सहा-सात वर्षं ती फेकलेल्यातली चिंचेची रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून सुलतानपूरला घरी आणायची.

एकदा तिथे देखरेखीला असलेल्या नारायणरावांनी तिला फाटकात अडवलं.

"चांगुणा, काय घेऊन चालली?"

"फेकलेली रोपं."

"सरकारी माल आहे तो."

"माल असता तं फेकला काऊन असता, साहेब? हा माल आहे असं लिहून द्या. मी आत्ता परत ठेवतो."

नारायणरावांनी लिहून दिलं नाही. तिला परत कधी अडवलंही नाही.

हे मला मावशीनंच सांगितलं. मी राखी, गावात आशा म्हणून काम करते. माझं घर आणि मावशीचं घर यांच्यामध्ये एक बोळ आहे. पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि जे पाहिलं नाही ते तिची सून धम्मशीला हिनं सांगितलेलं आहे. तिनंच एके दिवशी म्हटलं, "राखीताई, तू लिही. लोक आपल्या मनानं काहीबाही सांगतात, त्यापेक्षा झालं तसं लिही."

रोपवाटिका बंद झाली तेव्हा मावशीच्या अंगणात तेलाचे डबे, फुटके माठ, रंगाच्या बादल्या अशा कशाकशात लावलेली तीसेक चिंचेची झाडं होती. काही अंगठ्याएवढ्या जाड खोडाची, काही पेन्सिलीएवढी. त्यांचं काय करायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिचा नवरा इंद्रभान मजुरीला जाणारा अबोल माणूस. तो सकाळी उठून सगळ्या डब्यांना पाणी घालायचा आणि काही विचारायचा नाही. मुलगा धम्मदीप फरशी बसवायचं काम करतो. तो म्हणायचा, "आई, हे चिंचेचं गोदाम कवा रिकामं करतं?"

मग धम्मशीला लग्न होऊन आली. देऊळघाटची मुलगी, बुलढाण्याच्या कॉलेजात बी.ए. केलेली. आल्यानंतर वर्षभरात टाळेबंदी लागली. धम्मदीपचं काम बंद झालं, सगळी घरातच. एका दुपारी धम्मशीलानं सासूला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. जपानमधला कुणी म्हातारा एका सपाट दगडावर लहान लहान झाडं मांडून रान तयार करत होता. त्याची भाषा दोघींनाही कळत नव्हती. मावशी मात्र मोबाइलजवळ डोळे नेऊन पाहत राहिली.

"हा बुढा तं आपलंच काम करून राह्यला," ती म्हणाली. "मुळी तोडते, माती चाळते, काडीनं दाबते. फक्त आपल्याले फेकायले सांगत, हा मांडून राह्यला. पुन्हा लाव व."

तो व्हिडिओ त्यांनी आठ-दहा वेळा तरी पाहिला असेल.

धम्मदीपकडे शहाबादी फरशीचा तुटका तुकडा पडून होता, लांबीला साधारण हातभर आणि वर एक वीत. त्यानं त्याच्या कडेला सिमेंटचा दोन बोटं उंच काठ केला आणि ड्रिलनं चार-पाच भोकं पाडली. भोकांतून बांधकामाची तार वर घेतली, झाडांची मुळं तिच्यानं बांधून ठेवायची म्हणून. विटांचा चुरा, रेती आणि काळी माती वेगवेगळी चाळून घेतली. मावशीनं तिसातली अकरा झाडं निवडली. डब्यातून काढून माती झटकली, खाली गेलेली मुख्य मुळी सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या कात्रीनं, छाटली, बाजूची बारीक मुळं ठेवली. हे तिच्या हाताला सवयीचं होतं. रोपवाटिकेत पिशवीखालून मुळी जमिनीत गेली की कापावीच लागते.

मांडायला मात्र जमेना. एकवीस वर्षं वाफ्यात पिशव्या ओळीनं लावलेल्या, त्यामुळे झाडंही ओळीतच लागायची. धम्मदीप पाहून हसला. "आई, शाळेची प्रार्थना सुरू आहे का?"

मावशीनं सगळी झाडं उपटली. पुन्हा लावली, पुन्हा उपटली. धम्मशीला व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवत होती. सगळ्यात जाड झाड मधोमध नको, थोडं डावीकडे. दुसरं त्याच्या जवळ. तीन खोडं एका रेषेत यायला नकोत. समोर बसून पाहिलं की प्रत्येक खोड दिसलं पाहिजे, कुणी कुणाच्या मागे दडायला नको. बारीक झाडं कडेला आणि मागे, म्हणजे लांबवर रान गेल्यासारखं वाटतं. उजवीकडे जागा मोकळी. कडेची झाडं जराशी बाहेर झुकलेली, कारण रानाच्या कडेला उजेड तिकडूनच येतो. हे शेवटचं कुणी सांगितलं नव्हतं. मावशी म्हणाली, "गायरानात पाहिलं आहे मी." श्रावणातले ते दिवस होते. विहिरीच्या काठावरचं शेवाळ खरवडून आणून मातीवर बसवलं आणि रान तयार झालं.

पहिलं वर्षभर तिनं कुणाला कात्री लावू दिली नाही. दुसऱ्या वर्षापासून शेंडे खुडायला सुरुवात केली. खुडलं की खालून दोन फांद्या फुटायच्या आणि पानं जरा बारीक यायची. तिसऱ्या वर्षी ते खरोखर रान दिसू लागलं. संध्याकाळी चिंचेची पानं मिटतात तशी तिथंही मिटायची. इंद्रभानकाका कामावरून आले की हातपाय धुऊन त्याच्यासमोर बसायचे.

याच तीन वर्षांत धम्मशीलाचं पोट दोनदा पडलं. पहिल्यांदा अडीच महिन्यांवर, दुसऱ्यांदा पाचव्या महिन्यात. दुसऱ्या वेळी मी तिच्यासोबत दवाखान्यात होते. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ती परत आली तेव्हा तिच्या अंगावर दूध आलं होतं. एवढंच सांगते, म्हणजे कळेल.

बोलणं कुठून सुरू झालं कुणास ठाऊक. टीव्हीवर वास्तूचं सांगणारा कुणी म्हणाला म्हणे, की वाढ खुंटलेलं झाड घरात असलं की घराची वाढ खुंटते. चक्कीवर दळणाला बसलेल्या बायका बोलू लागल्या. "चिंचच आहे, अन् तेही खुजी. चिंचेत काय राहते माहीत नाई का?" एकीनं तर माझ्या तोंडावर विचारलं, "राखी, तू लोकाइले सल्ला देत फिरते, शेजारणीले सांगत नाई का फेकून दे म्हणून?"

मावशीच्या कानावर ते गेलंच. ती दळणाचा डबा घेऊन चक्कीवर गेली, रांगेत बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माह्या रानाबद्दल ज्याले बोलायचं असन त्यानं माह्या ओट्यावर या. चहा पाजतो. पाठीमागं बोलायची मेहनत कशाले?"

त्याच संध्याकाळी तिनं धम्मदीपला हाताशी घेऊन मागच्या अंगणातलं रान उचललं आणि पुढच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून मांडलं. इंद्रभानकाका म्हणाले, "अवं, असू दे ना मागंच."

"लपवाले मी चोरी केली का?" मावशी म्हणाली.

मला तेव्हा तिचं फार कौतुक वाटलं. नंतर लक्षात आलं की यात धम्मशीलाचं काय होतंय ते आम्ही दोघींनीही पाहिलं नाही. रस्त्यानं जाणारी प्रत्येक बाई आता आधी रानाकडे पाहायची आणि मग दारात उभ्या असलेल्या धम्मशीलाकडे. मावशीची छाती पुढे होती आणि नजरा सुनेला लागत होत्या.

मग देऊळघाटहून तिची आई पंचफुला आली. घरात मावशी नव्हती. रानासमोर उभी राहून ती मुलीला म्हणाली, "हे घरात असेपर्यंत तुह्या कुशीत काई राह्यत नाई. फेकून दे. नाई तं चाल माह्यासंगं." धम्मशीला म्हणाली, "आई, आपण असलं मानत नाही." त्यावर पंचफुला म्हणाली, "मानत तं मीही नाई. पण दोनदा झालं ना?"

ती त्याच दिवशी परत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लोहाच्या गोळ्या द्यायला म्हणून गेले, तर धम्मशीला ओट्यावर बसलेली. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. फरशी पालथी पडलेली. तीन वर्षांत अकरा झाडांची मुळं एकमेकांत विणून त्यांची एक जाड चटई झाली होती. एकेक झाड ओढून ते निघालं नसणार, म्हणून तिनं हातानं, मग विळ्यानं तोडलं होतं. चार खोडं मोडलेली. बाकीची मातीच्या गठ्ठ्यांसकट इकडेतिकडे.

तिच्या बोटातून रक्त येत होतं, मी ते धुतलं, पट्टी बांधली. तेवढ्यात मावशी सोयाबीनच्या निंदणावरून आली. डोक्यावरचं टोपलं तिनं खाली ठेवलं आणि एकदा सगळीकडे पाहिलं. मला वाटलं आता ही ओरडेल.

ती आत गेली, बारदान्याचं पोतं पाण्यात बुडवून आणलं आणि मुळं झाकायला लागली. "ऊन आहे," ती म्हणाली. "तासाभरात मुळी सुकते. राखी, एक बादली पाणी आण."

सगळी मुळं झाकून झाल्यावर ती सुनेसमोर जमिनीवर बसली.

"तुह्यानं झालं का हे?"

"हाव. मीच केलं."

"आई आली होती का?"

धम्मशीलानं मान डोलावली. मग म्हणाली, "आईनं सांगितलं म्हणून नाही केलं. मी रोज पाहते, तुम्ही त्यांचे शेंडे खुडता, मुळ्या कापता. मले वाटते माझंच कुणी कापून राह्यलं." असं म्हणून ती रडायला लागली.

मावशीनं पदरानं तिच्या हातावरची माती पुसली. मग जे बोलली ते मी तोपर्यंत ऐकलेलं नव्हतं. शेजारी इतकी वर्षं राहूनही नाही.

"धम्मदीपच्या आधी माह्ये दोन गेले," ती म्हणाली. "एक चौथ्यात, एक सातव्यात. तवा ह्या घरी एक तुळस नव्हती, खुजं झाड तं लांबच. तवा सासू म्हणे का मी उंबऱ्यावर बसतो म्हणून असं झालं. मी उंबऱ्यावर बसणं सोडलं. मंग म्हणे मी केस मोकळे सोडून विहिरीवर गेली. मी विहिरीवर जाणं सोडलं. मंग म्हणे मी लय हसतो. धम्मदीप पोटात होता तवा मी उंबऱ्यावर बसूनच दळण निवडत होती, कारण मले आता कशाचंच भेव राह्यलं नव्हतं. लोकाइले कारण लागते, पोरी. कारण नसलं तं ते बाईच्या अंगावरून उचलतात. आज माह्या झाडावरून उचललं. हे फेकलं तं उद्या तुह्या मोबाइलवरून उचलतीन, परवा तुह्या बी.ए. वरून."

धम्मशीला म्हणाली, "तुम्ही हे कधी बोलल्या नाही."

"बोलायले पायजे होतं," मावशी म्हणाली. "मी ते रान ओट्यावर मांडलं, अन् तुले विचारलं नाही. तेही चुकलं माह्यं. आता तू सांग. फेकायचं म्हणशीन तं आत्ता फेकतो. पण तुह्या तोंडानं सांग. तुह्या आईच्या नको, चक्कीवाल्या बायाइच्या नको."

मावशीनं सांगितलेली बादली मी तेव्हा कुठे भरून आणली. शेवटी धम्मशीलानं पोतं उचलून पाहिलं आणि विचारलं, "यातली किती जगतील?"

"सात. लय झालं तं आठ."

"फरशी सुलटी करा," धम्मशीला म्हणाली. "या वेळी मी मांडते."

मोडलेल्या चार खोडांपैकी एक खालून फुटेल असं मावशीला वाटत होतं. ते वेगळ्या डब्यात लावलं, पण ते फुटलं नाही. राहिलेली सात झाडं धम्मशीलानं मांडली. सगळ्यात जाड झाड तिनं डावीकडून उजवीकडे नेलं. दोन झाडं इतकी जवळ लावली की मावशी म्हणाली, "एकमेकाइचं खातीन." धम्मशीला म्हणाली, "राहू द्या." मध्ये मोकळी जागा सोडली, आधीपेक्षा मोठी. मावशीनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मुळं काडीनं दाबून घट्ट करायचं काम तेवढं तिनं स्वतः केलं. ओट्यावर सावली यावी म्हणून इंद्रभानकाकांनी गोणपाटाचं छप्पर बांधलं. महिनाभर झाडांची सगळी पानं गळलेली होती. मग गाठीगाठीतून लाल कोंब आले.

त्यानंतर मी दोघींना घेऊन बुलढाण्याला गेले. मेहकरला एसटी बदलावी लागते, सगळा दिवस जातो. तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्ताच्या तपासण्या करायला सांगितल्या, आणि दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा थायरॉइडचं दुखणं असल्याचं सांगितलं. गर्भ न टिकायला ते एक कारण असू शकतं, गोळी रोज घ्यायची, दर काही आठवड्यांनी तपासायचं. धम्मशीला सगळं वहीत उतरवून घेत होती. मावशी मध्येच म्हणाली, "डॉक्टरबाई, घरात बुटकी झाडं असली तं असं होते का?"

डॉक्टरबाईंना आधी समजलं नाही. मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाही हो. काही संबंध नाही."

"मंग लिहून द्या."

"असं कसं लिहून देऊ? औषधाच्या चिठ्ठीवर असं काही लिहीत नाहीत."

"बरं, मंग तोंडानं सांगा," असं म्हणून मावशीनं पिशवीतून मोबाइल काढला आणि देऊळघाटला पंचफुलाबाईंना फोन लावला. "इहीनबाई, मी चांगुणा. डॉक्टरबाईसमोर बसली आहे. बोला." आणि फोन सरळ त्यांच्या हातात दिला.

बाहेर पंधरा बायका नंबर लावून बसल्या होत्या. डॉक्टरबाई क्षणभर फोनकडे पाहत राहिल्या, मग हसू दाबून बोलल्या. झाडांचा संबंध नाही, तुमच्या मुलीला आजार आहे, तो औषधानं आटोक्यात राहतो, तिला धीर द्या. पलीकडून पंचफुलाबाई "हाव जी, हाव जी" एवढंच म्हणत होती. पटलं होतं असं नाही. आजही तिला पूर्ण पटलेलं नाही. पण त्यानंतर तिनं मुलीला न्यायची भाषा केली नाही.

खरा प्रसंग पुढेच होता.

इंद्रभानकाकांचे थोरले भाऊ जानराव लोणारला राहतात. पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्या नातीचं नामकरण होतं. आदल्या दिवशी जानरावांचा फोन आला. काकांनी ऐकून घेतलं, हाव हाव म्हटलं आणि फोन ठेवला. मावशीनं विचारलं तेव्हा सांगितलं. सून येऊ द्या, पण पाळण्याजवळ नको. पुढं काही होऊ नये, म्हणून. आणि घरातलं ते झाडांचं आधी फेकून द्या म्हणाले.

"तुम्ही काय म्हणले?"

"मी काय म्हणन?" काका म्हणाले. "मोठा भाऊ आहे."

दुसऱ्या दिवशी चौघंही पांढरे कपडे घालून लोणारला गेले. मलाही आमंत्रण होतं म्हणून मीही होते. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं. पाळणा हलवायला बायकांना बोलावलं. धम्मशीला उठली. तशी जानरावांच्या बायकोनं तिचा हात धरून तिला बाजूला घेतलं, अगदी प्रेमानं, आणि म्हणाली, "तू इथंच बस, बाई. तुले दगदग नको."

चांगुणामावशी भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, कधी बोलायची नाही. डोक्यावर पदर घेऊन भिंतीच्या कडेला बसायची. तिचं लग्न झाल्यापासून हेच होतं. त्या दिवशी ती उठून मधोमध आली.

"दादा," ती जानरावांना म्हणाली, "माह्या सुनेचा हात पाळण्याले लागला तं काय होईन?"

जानराव म्हणाले, "चांगुणा, लोक आहेत. नंतर बोलू."

"लोक आहेत म्हणूनच विचारतो. आत्ता आपण सगळ्याइनं पंचशील म्हटलं. भिंतीवर बाबासाहेबाचा फोटो आहे. त्याच्याखाली तुम्ही सांगून राह्यले का एका बाईचा हात अपशकुनी आहे म्हणून. हात लावल्यानं बाटते, हे आपल्या आज्याइले कोणं सांगितलं होतं, आठवून पाहा."

जानरावांचा चेहरा उतरला होता, पण माघार घेणं त्यांना जमलं नाही. ते म्हणाले, "माझ्या घरात मी ठरवीन."

"बरोबर आहे. घर तुमचं. मंग आम्ही निंगतो."

मावशीनं हे म्हटलं आणि मला पहिला विचार आला तो काकांचा. आता हे खाली मान घालून बसतील आणि ही एकटीच बाहेर पडेल. पण मावशीनं पाऊल उचलायच्या आधी इंद्रभानकाका उठले. त्यांनी भावाच्या पाया पडून नमस्कार केला, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चाला. धम्मशीला, चाल माय." बाहेर स्वयंपाक तयार होता, पंगत मांडलेली होती. आमच्यातलं कुणी जेवलं नाही. स्टँडवर येऊन आम्ही पाच जणांनी केळी खाल्ली आणि सुलतानपूरची गाडी येईपर्यंत उन्हात उभे राहिलो. मावशीनं काकांना विचारलं, "पस्तावले का?" ते म्हणाले, "नाई. भूक लागली."

जानराव आणि या घराचं येणंजाणं तेव्हापासून बंद आहे. काकांना ते लागतं. सणावाराला ते दारात उभे राहून लोणारच्या रस्त्याकडे पाहतात. मावशीनं एकदा म्हटलं, तुम्ही जाऊन या, मी काही म्हणणार नाही. ते म्हणाले, "त्यानं धम्मशीलाले बोलवलं तं जाईन." अजून बोलावलेलं नाही. जानरावांची सून पुष्पांजली मात्र, जिच्या मुलीचं नामकरण होतं ती, चार महिन्यांनी कुणाला न विचारता मुलीला घेऊन आली. बाळ धम्मशीलाच्या मांडीवर ठेवलं, चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं गेली. तेव्हापासून ती येते. तिला सासरी यावरून ऐकून घ्यावं लागतं, ती ऐकून घेते आणि येते.

इथे वाचणाऱ्याला वाटेल की आता धम्मशीलाला मूल झालं असेल. झालेलं नाही. गोळी चालू आहे, तपासण्या चालू आहेत. गेल्या वर्षी एकदा आशा वाटली होती, ती खरी ठरली नाही. नवरा-बायकोनं ठरवलंय की सध्या घाई करायची नाही. धम्मशीला अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. त्यावरही गावात दोघी बोलल्या, की हिच्या हातून आपल्या पोराले खाऊ नको. धम्मशीलानं त्यांच्या घरी जाऊन विचारलं, "पोरगं पाठवता का नाही? पाठवत नसाल तर तसं लिहून द्या, मी वरच्या ऑफिसात देते." दोन्ही मुलं दुसऱ्या दिवशी आली. मी मावशीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

रान ओट्यावरच आहे. मावशीच्या जुन्या डब्यांतली चार झाडं धम्मशीलानं त्यात मागच्या बाजूला आणखी लावली. आता पुन्हा अकरा आहेत. लोक येतात-जातात, पाहतात. काहीजण अजून तोंड फिरवतात. शाळेतल्या गुरुजींनी स्नेहसंमेलनात ठेवायला मागितलं, तेव्हा मावशीनं दिलं नाही. म्हणाली, "पाहायचं असन तं पोराइले इथं आणा. ते कुठं जाणार नाई." पोरं आली, सगळा ओटा चपलांनी भरला.

या उन्हाळ्यात उजवीकडच्या सगळ्यात जाड झाडाचा शेंडा वाळला. मावशी म्हणत होती, थांबू, पाऊस पडला की फुटेल. धम्मशीला म्हणत होती की वाळणं खाली उतरतंय, आत्ताच हिरव्यापर्यंत कापलं पाहिजे. दोघींची आठवडाभर वादावादी चालली. मावशी म्हणाली, "एकवीस वर्षं मी रोपात काढले, तुले काय समजते?" एका सकाळी मावशी बाहेर गेल्यावर धम्मशीलानं सिकेटर घेतलं आणि खोड निम्म्यावर कापलं. वर शेणमाती लिंपली. मावशी आली, पाहिलं, आणि दोन दिवस सुनेशी बोलली नाही. मलाही सांगत सुटली, की झाडाचं वाटोळं केलं, आता रानाला डोकं उरलं नाही.

काल मी गेले तेव्हा दोघी ओट्यावर बसून शेवाळातलं गवत चिमट्यानं उपटत होत्या. खोडावर कापलेल्या जागेखाली तीन कोंब आले आहेत. मावशीनंच मला बोट लावून दाखवले. कुणाचं बरोबर निघालं, ते मात्र ती बोलली नाही.

"यातला एक ठेवायचा, दोन काढायचे," धम्मशीला म्हणाली.

"मधला ठेव," मावशी म्हणाली.

"नाही. डावीकडचा."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "काई ऐकत नाई माह्यं," ती म्हणाली, आणि चिमटा सुनेच्या हातात दिला.